बिनतारी जोडणी आणि संगणकाची सुरक्षितता

बोईसरजवळील बेटेगावासारख्या गावांतही ग्रामपंचायतीचे दाखले आणि शाळेची माहिती आज संगणकावर असते. वायफायचा संकेतशब्द गुप्त राखला की संगणक सुरक्षित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे.

वायफाय यंत्र आपले नाव व क्षमता सांगणारी घोषणा सतत प्रसारित करीत असते. जोडणी होण्यापूर्वीच, संकेतशब्दाशिवाय, जवळचा संगणक ती वाचतो. लिनक्स या कार्यप्रणालीच्या या वाचन-भागात २०१९ मधील ५.१ या आवृत्तीपासून एक दोष होता. घोषणेची लांबी मोजण्यात चूक होऊन स्मृतीतील नेमलेल्या जागेबाहेर २५६ बाइटपर्यंत मजकूर लिहिला जाई. भातखाचराचा बांध फुटून पाणी शेजारच्या खाचरात शिरावे, तसाच हा प्रकार. बनावट घोषणा पाठवून संगणक बंद पाडणे, प्रसंगी त्याचा ताबा घेणेही त्यामुळे शक्य होते.

जर्मनीतील डार्मस्टाट तंत्रविद्यापीठाच्या संशोधकाने हा दोष शोधला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली. परंतु प्रसिद्ध झालेली दुरुस्ती प्रत्येक संगणकात बसवावी लागते. म्हणून कार्यालये व शाळांनी कार्यप्रणाली अद्ययावत करणे हे दप्तर-तपासणीइतकेच नियमित काम मानावे आणि गरज नसेल तेव्हा वायफाय बंद ठेवावे.