उन्हाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर
सकाळ देवळाची, दुपार सावलीची आणि संध्याकाळ रंकाळ्याची

परीक्षा संपल्या, की मध्यमवर्गीय घरांत सुट्टीचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर-माथेरानची आरक्षणे मिळत नाहीत, गोव्याचे भाडे परवडत नाही आणि मग कोणीतरी कोल्हापूरचे नाव काढते. तेही बहुधा 'वाटेवरचे गाव' म्हणूनच. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, जाताना चपलांचा जोड, की गाडी फोंड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटाकडे वळते. अशा पाच-सहा तासांच्या भेटीत देऊळ दिसते, शहर दिसत नाही. वास्तविक मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस हे या शहराचे अंतरंग पाहण्याचे दिवस आहेत. चैत्रातील यात्रा, गावोगावची कुस्तीची मैदाने, वर्षभराच्या चटणीची लगबग आणि राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन हे सारे याच काळात येते.

प्रश्न उरतो तो उन्हाचा. एप्रिलमध्ये दुपारी येथील पारा ३८ अंशांच्या आसपास जातो. परंतु समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक असलेली उंची आणि जवळच असलेला सह्याद्री यांमुळे सूर्य कलला, की हवा पालटते. दुपारी कोंदलेले आभाळ चारच्या सुमारास काळवंडते, धुळीचे लोट उठतात आणि वळवाची एखादी सर येऊन संध्याकाळ निववून जाते. म्हणूनच उन्हाळ्यातील कोल्हापूर घड्याळ पाहून पाहावे. सकाळी साडेदहापर्यंत उघड्यावर, दुपारी छपराखाली आणि पाचनंतर पुन्हा बाहेर, एवढा एक नियम पाळला तरी दोन दिवस सुखाचे जातात.

चैत्रातील चांगभलं

करवीरनिवासिनी अंबाबाईच्या देवळात शक्यतो सूर्योदयालाच जावे. काळ्या पाषाणाचे हे मंदिर आतून थंड असले, तरी बाहेरच्या आवारातील फरशी दहानंतर अशी तापते, की अनवाणी पायांना प्रदक्षिणा नकोशी होते. पहाटेच्या उजेडात भिंतींवरील शिल्पे निवांत पाहता येतात. मावळतीची किरणे थेट देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात तो किरणोत्सव मात्र नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या संधिकाळात होतो. तो पाहण्याच्या आशेने उन्हाळ्यात येणाऱ्याची निराशा होईल.

त्याची भरपाई चैत्र पौर्णिमा करते. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवरील वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. उंच सासनकाठ्या नाचवीत गावोगावचे लोक डोंगर चढतात. 'चांगभलं'च्या गजरात गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि अवघा डोंगर गुलाबी होऊन जातो. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात अंबाबाईचा रथोत्सव असतो. रथाच्या मार्गावर रांगोळ्यांचे गालिचे पडतात आणि महाद्वार परिसर दिव्यांनी उजळून निघतो. गर्दी सोसत असेल, तर भेटीची तारीख पंचांग पाहून या दोन दिवसांशी जुळवावी. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील, तर हेच दोन दिवस टाळून जोतिबाला एरवी जाणे श्रेयस्कर. गुलालाचा रंग तेथील पायऱ्यांवरून तसा वर्षभर जातच नाही.

दुपार : राजवाडा आणि रोमचा समुद्रदेव

उन्हाचे तीन-चार तास काढण्यासाठी दोन संग्रहालये आहेत. कसबा बावड्याच्या रस्त्यावरील नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधण्यात आला. काळ्या दगडातील ही वास्तू, तिचा घड्याळाचा मनोरा आणि तळमजल्यावरील शहाजी छत्रपती संग्रहालय पाहण्यास दीड-दोन तास हवेत. शस्त्रे, दरबार हॉल आणि शिकारीच्या खुणा पाहून बहुतेक जण परततात. शाहू महाराजांच्या काळातील छायाचित्रांसमोर मात्र थोडे अधिक थांबावे. पुढे जे शहर पाहायचे आहे, त्याची किल्ली तेथे आहे.

दुसरे संग्रहालय टाऊन हॉलचे. ते आकाराने लहान आहे, बाहेर दाट झाडी आहे आणि गर्दी जवळजवळ नसते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननातील वस्तू येथे आहेत. त्यांतील एका वस्तूसाठी तरी येथे यावे, ती म्हणजे पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती. समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे असलेल्या या गावाचे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य सागराशी व्यापारी नाते होते, हे वितभर मूर्तीतून जितके पटते तितके जाडजूड ग्रंथातूनही पटत नाही.

शाहूंचे शहर

६ मे हा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन. १९२२ साली त्यांचे निधन झाले. २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीच्या दिवशी सकाळी १० वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते. एखाद्या राजाच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी रस्त्यावरची माणसे वाहने थांबवून उभी राहतात, ती का, हे समजले तर कोल्हापूर समजले.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. त्यांतील काही इमारती दसरा चौकाच्या परिसरात आजही पाहता येतात. मार्च १९२० मध्ये संस्थानातील माणगाव येथे भरलेल्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या रूपाने दलितांना त्यांचा स्वतःचा पुढारी लाभल्याचे जाहीरपणे सांगितले.

परंतु खाण्यापिण्यासाठी या शहरात येणाऱ्या प्रवाशाने आवर्जून लक्षात ठेवावी, अशी हकिगत चहाची आहे. संस्थानच्या सेवेतील गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदातील पाणी घेतल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना हॉटेल काढण्यास प्रोत्साहन दिले आणि भाऊसिंगजी रस्त्यावर ते सुरू झाले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज फिरायला निघाले, की आपली गाडी त्या दुकानासमोर थांबवीत, स्वतः चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजा पितो म्हटल्यावर नाही म्हणण्याची कोणाची छाती होती? आदेशाने जे साधत नाही ते एका कपाने साधण्याचा तो प्रयत्न होता. महाराजांच्या पश्चात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यातही याच गंगाराम कांबळ्यांचा पुढाकार होता. नर्सरी बागेतील समाधिस्थळ संध्याकाळी शांत असते. मुलांना तेथे नेऊन ही गोष्ट सांगावी.

तालीम आणि रंगभूमी

शाहू महाराजांच्याच काळात १९१२ साली खासबाग मैदान पूर्ण झाले. मध्ये तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत जाणारी बैठक अशी रचना असल्याने शेवटच्या ओळीतील प्रेक्षकालाही कुस्ती स्पष्ट दिसते. मोठ्या लढती रोज नसतात. मात्र गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत पहाटे आणि संध्याकाळी पैलवानांची मेहनत चालू असते. वस्तादांची परवानगी घेऊन, पादत्राणे बाहेर काढून, एका बाजूला उभे राहून ती पाहता येते. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्याच राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. चैत्र-वैशाखात जिल्ह्यातील गावजत्रांत कुस्तीची मैदाने भरतात. शहरातील चौकांत लागलेल्या फलकांवर त्यांच्या तारखा मिळतात.

मैदानाला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. पूर्वीचे हे पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत भस्मसात झाले आणि शहर हळहळले. त्यानंतर ते पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ मध्ये स्थापन झालेली, चार वर्षांनी पुण्याला गेलेली 'प्रभात' या दोन्ही संस्था याच शहरातल्या. नाटक-सिनेमाशी कोल्हापूरचे असलेले नाते पाहता त्या आगीत केवळ एक इमारत जळाली नाही, हे ध्यानात येते.

तिखटापलीकडची चव

'कोल्हापुरी' म्हणजे जहाल तिखट, हा समज शहराबाहेरच्या हॉटेलांनी रूढ केला आहे. येथील घरगुती स्वयंपाकाचा प्राण तिखटपणात नसून कांदा-लसूण चटणीत आहे. ही 'चटणी' म्हणजे वर्षभर पुरणारा मसाला, आणि तो करण्याचा काळ हाच. मार्च ते मे या दिवसांत रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी अशा मिरच्या निवडून वाळवल्या जातात. भाजलेले खोबरे, तीळ, धणे, खडा मसाला, कांदा आणि लसूण घालून हे सारे डंकावर कुटून आणले जाते. पेठांतून फिरताना डंकाची धडधड ऐकू येते आणि ठसक्याने डोळे पाणावतात. घरी न्यायची असेल, तर बंद पाकिटापेक्षा अशा ताज्या कुटलेल्या चटणीचा विचार करावा.

तांबड्या-पांढऱ्याच्या थाळीत आधी पांढरा रस्सा प्यावा. मटणाचा अळणी रस्सा, नारळाचे दूध, काजू किंवा तीळ-खसखशीचे वाटण आणि खडा मसाला यांचा हा सौम्य मेळ असतो. लाल मिरचीला त्यात प्रवेश नाही. तांबडा त्यानंतर, ज्वारीच्या भाकरीबरोबर. उन्हाळ्यात हे जेवण रात्री केलेले बरे. दुपारी घ्यायचेच झाले, तर शेवटी सोलकढी चुकवू नये. शाकाहारी मंडळींसाठी अख्खा मसूर, भरले वांगे आणि हिरव्या मिरचीचा खर्डा आहे. मिसळ ही सकाळची गोष्ट. येथे ती पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर देतात, आणि नावाजलेल्या दुकानांत उशिरा जाणाऱ्याला रिकाम्या पातेल्याचे दर्शन घडते.

गंगावेशीतील दूध कट्टा ही आणखी एक खास कोल्हापुरी गोष्ट. म्हशी दारात आणून समोरच धार काढली जाते आणि फेसाळ धारोष्ण दुधाचा पेला हाती येतो. दृश्य जरूर पाहावे. मात्र न तापवलेल्या दुधातून आजार पसरू शकतात, हेही तितकेच खरे. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांनी ते पिणे टाळावे. गुऱ्हाळांचा हंगाम उन्हाळा चढू लागला, की संपत येतो. मार्चमध्ये आलात, तर गरम गूळ आणि काकवी चाखण्याची संधी मिळू शकेल. मेमध्ये आलात, तर बाजारात सह्याद्रीच्या बाजूने आलेली करवंदे, जांभळे आणि फणस आहेत.

चप्पल घेताना

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी आहे. जून २०२५ मध्ये मिलानमधील एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच धाटणीच्या चपला मांडल्या, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्यावरून मोठा वाद झाला आणि कंपनीला या परंपरेचा निर्देश करावा लागला. परदेशी कंपनीवर रागावणारे आपण भवानी मंडपाजवळच्या दुकानात मात्र घासाघीस करून रेक्झिनचा जोड घेतो, ही विसंगती आहे. अस्सल जोडाचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. तळ चामड्याच्या वादीने शिवलेला असतो, त्यात खिळा नसतो. रंग फार चकचकीत नसतो, वास चामड्याचाच येतो आणि पहिले काही दिवस तो पायाला लागतो. कापशी, पुकरी, बक्कलनाली अशी त्याच्या प्रकारांची नावे विचारून घ्यावीत. आणि वळवाची सर आली, तर नवा जोड आधी पिशवीत घालावा. पाणी हा त्याचा शत्रू आहे.

संध्याकाळ आणि दुसरा दिवस

पहिली संध्याकाळ रंकाळ्याची. मावळतीला पाण्यावरून येणारा वारा, पलीकडे दिसणारा शालिनी पॅलेस आणि हातात भेळ, याहून अधिक काही करायची गरज नसते. दुसरी संध्याकाळ पंचगंगा घाटाला द्यावी. उन्हाळ्यात पात्र आटले, की एरवी पाण्यात बुडालेली छोटी देवळे आणि दीपमाळा उघड्या पडतात. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न अनेक वर्षांचा आहे. त्यामुळे पाण्यात उतरण्यापेक्षा पायऱ्यांवर बसणे उत्तम.

दुसऱ्या दिवशीची सकाळ पन्हाळ्यासाठी राखून ठेवावी. गड सुमारे २० किलोमीटरवर असून तेथील हवा शहरापेक्षा थंड असते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखान्याची धान्यकोठारे आणि सज्जा कोठी पाहण्यास तीन तास पुरतात. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज येथूनच विशाळगडाकडे निसटले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळा आहे. परतण्यापूर्वी गडावरची झुणका-भाकर आणि मडक्यातील दही घ्यावे. हाताशी तिसरा दिवस असेल, तर भल्या पहाटे खिद्रापूरला निघावे. सुमारे ६० किलोमीटरवरील कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि मध्ये छताऐवजी वर्तुळाकार आकाश आहे. येताना नृसिंहवाडीला थांबून कवठाची बर्फी घेता येते.

कसे जाल?

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची आहे. पुण्याहून महामार्गाने अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. देवळाच्या परिसरात वाहन नेण्याचा अट्टहास करू नये. जुन्या पेठा पायी किंवा रिक्षाने फिराव्यात. टोपी, पाण्याची बाटली आणि सुती कपडे बरोबर असावेत, आणि वळवासाठी छत्रीही. शनिवार-रविवारऐवजी आठवड्याच्या मधले दिवस निवडल्यास रांगा कमी लागतात. संग्रहालये सोमवारी किंवा सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि शक्य असेल, तर परतीचे तिकीट दोन रात्रींनंतरचेच काढावे.