तीनच दिवस का?

सकाळी ड्युटीवर आलेली सिस्टर आधी रात्रपाळीकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती, घेते. कोणत्या खाटेला रात्री ताप होता, कोणाची लघवी कमी झाली, कोणाचा व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईन-औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी, तीन दिवसांचा झाला. तीन दिवसांचा झाला म्हणजे काढायचा आणि दुसरीकडे नवा लावायचा, हा नियम कित्येक रुग्णालयांनी वर्षानुवर्षे पाळला. जुना राहिला तर शीर सुजेल, जंतुसंसर्ग होईल, ही त्यामागची भीती. पण नीट चालणारा व्हेनफ्लॉन काढायचा आणि शिरा हाताला न लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा तीन-चार ठिकाणी टोचायचं, हे काम सिस्टरच्याच वाट्याला येतं. त्यामुळे ‘तीनच दिवस का?’ हा प्रश्नही तिलाच पडतो.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या परिचारिकांनी तो प्रश्न नुसता मनात ठेवला नाही. रॉयल ब्रिस्बेन अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये परिचर्या संशोधनाचं काम पाहणाऱ्या जोन वेबस्टर यांनी 755 रुग्णांवर केलेली चाचणी 2008 साली प्रसिद्ध झाली. क्लेअर रिकर्ड यांनी 362 रुग्णांवर केलेली दुसरी चाचणी 2010 मध्ये आली. मग दोघी आणि त्यांचे सहकारी एकत्र आले, तीन रुग्णालयं घेतली, 3283 रुग्ण घेतले, आणि 2012 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले.

रचना समजायला सोपी आहे. कोण कुठल्या गटात जाणार हे ना सिस्टरने ठरवलं, ना डॉक्टरने; ती निवड यदृच्छेने झाली. एका गटाचा व्हेनफ्लॉन ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी बदलायचा. दुसऱ्या गटाचा, जागा दुखली, लाल झाली, सुजली, औषध जाईना, तरच बदलायचा. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं, सात टक्के. म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या त्या टोचण्याने रुग्णाचा काही फायदा होत नव्हता. मात्र ‘गरजेनुसार बदला’ याचा अर्थ ‘लावा आणि विसरा’ असा नाही. प्रत्येक पाळीत ती जागा डोळ्यांनी पाहायची आणि बोटांनी चाचपायची, हे या पद्धतीत गृहीतच आहे. सलाईन संपलं, औषधं तोंडाने सुरू झाली, की व्हेनफ्लॉन काढून टाकायचा, हेही.

हे संशोधन परिचारिकांनीच केलं, कारण ते दुसऱ्या कोणाला सुचणं अवघड होतं. डॉक्टर औषध लिहून पुढच्या खाटेकडे जातात; औषध शरीरात जातं त्या जागेजवळ चोवीस तास असते ती सिस्टर. सतत पडून राहिल्याने होणाऱ्या खाटजखमांचं उदाहरण आणखी जुनं. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने 1962 साली सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंग हलवता येणं, मलमूत्रावरचा ताबा, अशा पाच बाबींना प्रत्येकी एक ते चार गुण. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली की सावध व्हायचं. कातडीला काय चोळायचं यापेक्षा रुग्णाची कूस वेळेवर बदलणं महत्त्वाचं, हे त्यातून ठसलं. गुण द्यायला लागणाऱ्या पाचही गोष्टी रुग्णाला अंघोळ घालताना दिसतात.

आता हाच रस्ता आपल्याकडच्या एखाद्या स्टाफ नर्सने धरायचा म्हटलं तर कसा?

सुरुवात प्रश्न लहान करण्यापासून होते. ‘संसर्ग कसा कमी होईल’ हा प्रश्न वॉर्डातल्या एका माणसाला पेलणार नाही. ‘आमच्या वॉर्डात औषधं बंद झाल्यावरही व्हेनफ्लॉन किती वेळ तसाच राहतो’ हा पेलेल. मग पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत शोधायचं. ते सगळ्यांना खुलं आहे, आणि बहुतेक वेळा कोणीतरी आधी विचार केलेला सापडतो. त्यानंतर काय मोजायचं, कोणी, किती रुग्णांवर, हे आराखड्यात लिहायचं. रुग्णसंख्या ठरवायला संख्याशास्त्रज्ञाकडे इथेच जायचं; आकडे गोळा झाल्यावर गेलं तर फार उशीर झालेला असतो. आराखडा नीतिमत्ता समितीपुढे जातो. तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि तिच्यात डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती आणि एखादा सामान्य नागरिकही बसतो. उपचारात बदल करून पाहायचा असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंद करायची. ही नोंदवही 2007 पासून आहे.

यानंतर येते संमती, आणि इथे थोडं थांबायला हवं. रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार ठेवायचा, हे नियम आहेतच. पण खाटेवरचा माणूस सिस्टरला नाही म्हणू शकतो का? इंजेक्शन तीच देणार, बेडपॅन तीच देणार. ‘सिस्टर, तुम्ही म्हणाल तसं’ असं तो म्हणतो, ती संमती नव्हे, तो लाचारीतला होकार. म्हणून जी सिस्टर त्या रुग्णाची शुश्रूषा करते तिने शक्यतो त्याची सही घेऊ नये. दुसऱ्या वॉर्डातल्या सहकाऱ्याने घ्यावी. नाही म्हटलं तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही हे तोंडाने, सावकाश सांगावं, आणि घरच्यांशी बोलायला वेळ द्यावा. शुश्रूषा आणि संशोधन एकाच माणसाने करायचं तर सगळ्यात नाजूक जागा ही आहे. आणि ती सांभाळायची पात्रताही परिचारिकेकडेच जास्त असते, कारण रुग्णाच्या होकारातला संकोच तिला ओळखू येतो.

पदव्यांचा मार्ग तुलनेने सरळ आहे. तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. जीएनएमवाल्यांना पोस्ट बेसिक बीएस्सीची दोन वर्षं. मग एमएस्सीची दोन, आणि पुढे पीएचडी. पीएचडीसाठी भारतीय परिचर्या परिषदेने राष्ट्रीय कन्सॉर्टियम 2005 च्या सुमारास उभं केलं. औषधांच्या चाचण्यांत समन्वयक म्हणून काम करणं हाही एक दरवाजा आहे. तिथे प्रश्न दुसऱ्याचा असतो, पण नोंदी, संमती, दुष्परिणाम कळवणं, ही शिस्त हाताला लागते.

अडचण पदवीनंतर सुरू होते. आपल्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी बढतीची शिडी आहे, आणि शिकवायचं असेल तर पाठ्यनिर्देशिका. एमएस्सी झालेली हुशार मुलगी कॉलेजात जाते आणि वॉर्ड सुटतो. वॉर्डात राहिली तर हजेरी, स्टॉक आणि ड्युटी चार्टमध्ये संशोधन सुटतं. तिचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. यात तिचा दोष नाही. दोन्ही कामं एका पदात बसवलेलीच नाहीत.

ती बसवता येतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये परिचर्येच्या शिक्षिका वॉर्डाचीही जबाबदारी घेतात. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्था परिचारिकांना ज्या शिष्यवृत्त्या देते, त्यांतून त्यांचा पगार भागतो आणि संशोधनाचा वेळ ड्युटीतून मोकळा होतो. रिकर्ड यांचं पदही विद्यापीठ आणि रुग्णालय यांनी मिळून चालवलेलं. माझ्या मते सगळी गोम या मोकळ्या केलेल्या वेळेत आहे. आठवड्यातला एक दिवस ड्युटी चार्टवर ‘संशोधन’ असा लिहिलेला हवा आणि त्या दिवशी तिच्या जागी दुसरी नर्स हवी. नाइट करून घरी आल्यावर, मुलांचे डबे भरून झाल्यावर उरलेल्या तासात चाचणी चालत नाही.

हे अधिसेविकांनी आणि अधिष्ठात्यांनी मनावर घेतलं तर होईल. एका वॉर्डापासून, एका पदापासूनही चालेल. आणि तुम्ही स्वतः वॉर्डात असाल, तर त्याची वाट पाहू नका. वहीत व्हेनफ्लॉन लावल्याची तारीख लिहिता, तिथे आणखी दोन रकाने आखा: शेवटचं औषध कधी गेलं, आणि व्हेनफ्लॉन कधी काढला. महिनाभर नीट भरा. मग ती वही घेऊन तुमच्या परिसेविकेकडे जा.