पगार २५ हजारांनी वाढला, तरी सूसला राहणं परवडेल का? कुटुंब हलवण्याआधी खर्चाची तुलना अशी करा

हिंजवडीत नोकरी लागली, पगारही चांगला वाढून मिळतोय. ऑफिसपासून फार लांब नको आणि बाणेरइतकं महागही नको, म्हणून सूसमध्ये घर बघायला सुरुवात होते. सांगली, नाशिक, लातूर किंवा नागपूरहून पुण्याला येणाऱ्या अनेक कुटुंबांचा हिशेब असाच सुरू होतो. पण वाढलेल्या पगारातून नवं घरभाडं वजा केलं की हिशेब संपला, असं होत नाही. शहर बदलल्यावर कोणते खर्च वाढतात, कोणते तसेच राहतात आणि कोणते नव्याने सुरू होतात, हे समजून घेऊया.

आधी सूस नेमकं कुठे येतं?

सूस हे मुळशी तालुक्यातलं गाव. पाषाणहून निघून मुंबई-बंगळुरू महामार्ग ओलांडला की सूस लागतं. एका बाजूला बाणेर-बालेवाडी, दुसऱ्या बाजूला नांदे आणि लवळे, तर म्हाळुंगेमार्गे हिंजवडी. ३० जून २०२१ रोजी राज्य सरकारने पुणे महापालिकेत २३ गावं समाविष्ट केली, त्यात सूसही होतं. म्हणजे कागदोपत्री सूस आता शहरात आहे. पण गाव पालिकेत आलं म्हणून पाण्याची लाईन, रस्ते आणि बससेवा लगेच जुन्या शहरासारखी होत नाही. घराच्या जाहिरातीत 'पुणे' असं लिहिलेलं असलं, तरी सोयी त्या गल्लीपुरत्या तपासाव्या लागतात.

महागाईचा निर्देशांक पाहून शहरांची तुलना होते का?

नाही. इथे अनेकांची गफलत होते. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचा श्रम ब्युरो ८८ केंद्रांसाठी काढतो. त्याच्या २०१६ च्या मालिकेत प्रत्येक केंद्राचा २०१६ चा आकडा १०० धरला आहे. म्हणजे त्या वर्षी पुणेही १०० आणि सोलापूरही १००. त्यानंतर त्या त्या केंद्रात दर किती वाढले, एवढंच हा आकडा सांगतो. त्यामुळे सोलापूरचा निर्देशांक पुण्यापेक्षा जास्त दिसला, तरी सोलापूर पुण्याहून महाग आहे असा अर्थ होत नाही.

दुसरा सरकारी मापदंड म्हणजे घरभाडे भत्ता. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. जानेवारी २०२४ पासून त्यांना मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के भत्ता मिळू लागला. पुणे एक्स वर्गात आहे, तर सांगली, नाशिक, नागपूर, कोल्हापूर ही शहरं वाय वर्गात. पण हे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात, तिथल्या भाड्यावरून नाही. मूळ वेतन ४० हजार असेल, तर सांगलीहून पुण्याला आल्यावर भत्ता ४ हजारांनी वाढतो. पुण्यात भाडं तेवढंच वाढेल, असं मात्र नाही.

ऑनलाइन तुलना करणारी संकेतस्थळं सरासरी कुटुंब धरतात. तुमच्या मुलाची शाळा, आईची औषधं आणि गावी पाठवायचे पैसे त्या सरासरीत नसतात. म्हणून स्वतःच्या घराचाच हिशेब मांडावा लागतो.

काय बदलत नाही?

वीज : मुंबईतला काही भाग सोडला, तर राज्यात बहुतेक ठिकाणी महावितरणची वीज आहे आणि घरगुती दर सगळीकडे सारखेच. सांगलीत असो की सूसमध्ये, युनिटचा दर तोच. बिल बदलेल ते वापरामुळे. नागपूरच्या उन्हाळ्यातला कूलर बंद झाला तर ते कमीही होईल.

रेशन : 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेमुळे अन्नसुरक्षा योजनेतल्या कुटुंबाला नव्या ठिकाणच्या दुकानातूनही धान्य घेता येतं.

गाडी : राज्यातल्या राज्यात आलात तर पुन्हा रोड टॅक्स भरावा लागत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. बेळगाव किंवा बिदरहून कर्नाटक पासिंगची गाडी आणली आणि ती १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल, तर महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो. हा खर्च आधीच धरून ठेवा.

काय बदलतं?

घरभाडं आणि मेंटेनन्स : भाडं विचारताना मेंटेनन्स त्यात धरला आहे का, हे विचारा. भाडेकराराचा खर्च तुलनेने कमी आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. महिना २४ हजार भाड्याच्या ११ महिन्यांच्या करारासाठी ते सातशे रुपयांच्या आत बसतं. शहरी भागात नोंदणी फी १ हजार रुपये. करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे.

पाणी : सूस आणि आसपासच्या अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. घर बघायला गेल्यावर सोसायटीच्या ऑफिसात एक प्रश्न नक्की विचारा : "एप्रिल-मे मध्ये रोज किती टँकर लागतात, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच असतात की वेगळे?" पावसाळ्यात घर बघणाऱ्याला हा खर्च दिसतच नाही.

प्रवास : सूसहून हिंजवडी नकाशावर जवळ दिसतं. पण खर्च किलोमीटरपेक्षा वाहतूककोंडीवर आणि घरात किती गाड्या लागतात यावर ठरतो. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा मार्ग बालेवाडी-बाणेरवरून जातो, सूसमध्ये स्थानक नाही. नवरा-बायको दोघंही नोकरी करणार असतील, तर दुसरी दुचाकी लागेल का, हे आधी ठरवा. बाणेरपेक्षा भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जात असतील, तर लांबचं घर स्वस्त पडत नाही.

शाळा : फी विचारताना बस, पुस्तकं, गणवेश आणि प्रवेशाच्या वेळचे पैसे वेगवेगळे लिहून घ्या. घराच्या जवळ कोणती शाळा आहे आणि तिचं बोर्ड कोणतं, हे बघूनच घर ठरवा. आधी घर आणि मग शाळा असा क्रम धरला, तर बसचा खर्च दहावीपर्यंत सुटत नाही.

एक उदाहरण घेऊया

खालचे आकडे गणित समजण्यासाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला.

सांगलीतलं सहा जणांचं कुटुंब. स्वतःचं घर. नवऱ्याचा हातात येणारा पगार ४५ हजार, बायको शिकवण्या घेऊन १२ हजार मिळवते. एकूण ५७ हजार. खर्च असा : किराणा, दूध, भाजी १५ हजार, वीज-गॅस-फोन साडेतीन हजार, शाळा ३ हजार, प्रवास अडीच हजार, इतर ८ हजार. एकूण ३२ हजार. शिल्लक २५ हजार.

आता नवऱ्याला हिंजवडीत ७० हजार हातात मिळणार. आजी-आजोबा सांगलीतच राहणार, चौघं सूसला येणार. बायकोच्या शिकवण्या सुटणार.

सूसमधला महिन्याचा खर्च :
भाडं आणि मेंटेनन्स २४,०००
किराणा, दूध, भाजी १२,०००
वीज, गॅस, फोन ३,५००
शाळा आणि स्कूलबस ८,०००
प्रवास ४,५००
इतर ७,०००
सांगलीच्या घरासाठी ८,०००
गावी जाणं-येणं २,५००
एकूण ६९,५००

पगार २५ हजारांनी वाढला आणि शिल्लक २५ हजारांवरून ५०० रुपयांवर आली. किराण्याचा खर्च तर उलट कमी झाला आहे. फरक पडला तो चार गोष्टींनी : भाडं नव्याने सुरू झालं, एका घराची दोन घरं झाली, शाळेचा खर्च वाढला आणि बायकोची कमाई थांबली.

मग किती पगार मागायचा?

आधीइतकी शिल्लक हवी असेल, तर नव्या ठिकाणच्या खर्चात जुनी शिल्लक मिळवा. इथे ६९,५०० अधिक २५,००० म्हणजे ९४,५०० रुपये घरात यायला हवेत. हा आकडा हातात येणाऱ्या रकमेचा आहे. ऑफर लेटरवरच्या वार्षिक सीटीसीला १२ ने भागून तुलना करू नका. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि वर्षातून एकदा मिळणारा बोनसही धरलेला असतो. नवीन करप्रणाली निवडली, तर घरभाडे भत्त्यावर प्राप्तिकराची सूटही मिळत नाही.

बायकोने पुण्यात २० हजारांचं काम धरलं, तर नवऱ्याचा ७४,५०० पगार पुरेल. पण सांगलीत शाळेतून आलेल्या मुलांना आजी बघत होती. सूसमध्ये त्यासाठी पाळणाघर लागेल, ते त्या २० हजारांतून वजा करायचं. आजीच्या कामाचं बिल कधी येत नव्हतं, म्हणून ते सहसा कोणाच्याच हिशेबात नसतं.

एकदाच होणारा खर्च वेगळा लिहा

डिपॉझिट, एजंटची दलाली, सामान हलवण्याचा टेम्पो, शाळाप्रवेश, पडदे-पंखे-गीझर. यातलं डिपॉझिट परत मिळतं, बाकीचं नाही. हा सगळा खर्च महिन्याच्या हिशेबात मिसळू नका. त्यासाठी किती बचत मोडावी लागेल आणि ती किती महिन्यांत भरून निघेल, एवढं वेगळं काढा. उदाहरणातल्या कुटुंबाकडे महिन्याला ५०० रुपयेच उरतात, म्हणजे मोडलेली बचत अनेक वर्षं भरून निघणार नाही.

मग जाऊच नये का?

तसं नाही. तीन वर्षांनी हिंजवडीतला पगार कुठे जाईल आणि सांगलीतला कुठे राहील, हेही बघायला हवं. मुलांचं शिक्षण, बायकोच्या करिअरची संधी, म्हाताऱ्या आई-वडिलांपासूनचं अंतर, हे सगळं निर्णयात येतं. काही कुटुंबांमध्ये एक जण आधी येऊन शेअरिंगमध्ये राहतो, सहा महिने खरा खर्च लिहून ठेवतो आणि शैक्षणिक वर्ष संपल्यावर घर हलवतं. एप्रिल-मे त्या सहा महिन्यांत आले, तर टँकरचा हिशेबही कळतो.

ऑफर स्वीकारण्याआधी मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी काढा. प्रत्येक खर्चासमोर 'तसाच राहील', 'बदलेल' किंवा 'बंद होईल' असं लिहा. खाली सूसमध्ये नव्याने सुरू होणारे खर्च जोडा. पगाराची बोलणी करायला बसाल, तेव्हा ही बेरीज तयार ठेवा.