संगीतव्यवसाय : शाखा, कौशल्ये आणि आवश्यक गुण

संगीताची निर्मिती, सादरीकरण, अध्यापन, ध्वनिमुद्रण आणि प्रसार यांवर उपजीविका करणाऱ्या सर्व व्यवसायांच्या समूहाला संगीतव्यवसाय म्हणतात. श्रोत्याला व्यासपीठावरचा गायक तेवढा दिसतो. प्रत्यक्षात एका गीतामागे कवी, संगीतकार, संगीतसंयोजक, वादक, ध्वनिमुद्रक, वाद्यकारागीर, आयोजक आणि हक्कांची व्यवस्था पाहणारा जाणकार अशा अनेकांचे श्रम असतात. यांपैकी प्रत्येकाची विद्या स्वतंत्र आहे, आणि म्हणून त्यासाठी लागणारी पात्रताही स्वतंत्र आहे.

बीदर जिल्ह्यातील कमलनगर तालुका आणि त्याचा परिसर या विषयाच्या अभ्यासाला विशेष अनुकूल आहे. महाराष्ट्रातील उदगीर येथून जवळ आहे. मराठी, कन्नड, दखनी उर्दू आणि तेलुगू या भाषा येथे रोजच्या व्यवहारात कानी पडतात. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात गायनाचार्य, मृदंगाचार्य आणि विणेकरी यांची कामे ठरलेली असतात. कीर्तनकाराच्या चालीवर पेटी आणि पखवाज तत्काळ जुळवून घ्यावे लागतात. संगीतातील श्रमविभागणीचा पहिला पाठ येथील मुलांना असा भजनातच मिळतो.

या भूमीची संगीतपरंपरा जुनी आहे. बसवकल्याणजवळच्या लाडवंती येथे जन्मलेले श्रीमाणिकप्रभू (1817–1865) यांनी मराठी, कन्नड, हिंदी-उर्दू आणि संस्कृत भाषांत पदरचना केली. हुमनाबादजवळच्या माणिकनगर येथे दत्तजयंतीच्या उत्सवात गायक-वादक प्रभूंपुढे आपली कला सेवा म्हणून रुजू करतात. कलबुर्गी येथील ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यामुळे कव्वालीचा संस्कारही या प्रदेशाला लाभला. अनेक भाषांतील पदे शुद्ध उच्चाराने म्हणता येणे ही येथे वारशाने मिळालेली योग्यता आहे.

संगीताला आश्रय देणारी व्यवस्था काळानुसार बदलत गेली. राजदरबार आणि देवस्थाने हे तिचे आरंभीचे आधार होते. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, आणि त्यानंतर तिकीट काढून येणारा प्रेक्षक हा गायकाचा नवा आश्रयदाता ठरला. 1902मध्ये भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला. पुढे आकाशवाणी, बोलपट, कॅसेट आणि इंटरनेट यांनी हे क्षेत्र विस्तारत नेले. प्रत्येक नव्या माध्यमाने कलावंताकडून एका नव्या कौशल्याची मागणी केली. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे 3 मिनिटांची असे, त्यामुळे तासभर फुलवायचा राग तेवढ्या अवकाशात आटोपशीर मांडण्याची कला गायकांना आत्मसात करावी लागली.

कार्याच्या दृष्टीने या व्यवसायाचे पाच वर्ग पाडता येतात. गायन, वादन आणि साथसंगत यांचा सादरीकरणात समावेश होतो. गीतलेखन, संगीतदिग्दर्शन आणि संयोजन हा रचनेचा वर्ग आहे. ध्वनिमुद्रण, ध्वनिमिश्रण आणि वाद्यनिर्मिती या तांत्रिक शाखा आहेत. अध्यापन, समीक्षा आणि संशोधन यांचा विद्यावर्ग होतो. कार्यक्रमांचे आयोजन, प्रसिद्धी आणि हक्कव्यवस्थापन यांचा व्यवस्थापनात अंतर्भाव होतो.

सादरीकरण करणाऱ्याचे पहिले भांडवल म्हणजे सुरेल गळा किंवा तयार हात, लयीचे पक्के भान आणि दीर्घ रियाजाची सवय. पं. भीमसेन जोशी (1922–2011) यांचे चरित्र या संदर्भात उद्बोधक आहे. गदग परिसरातील या मुलाने वयाच्या 11व्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे (1886–1952) त्यांनी तालीम घेतली. सवाई गंधर्व स्वतः अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य आणि मराठी संगीत रंगभूमीवरील नामवंत नट होते. कन्नड भाषेच्या परिसरात वाढलेल्या भीमसेनांनी राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांच्या चालींतील मराठी अभंग घराघरांत पोहोचवले. 1953मध्ये पुण्यात त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू करण्यात पुढाकार घेतला. रियाज, भाषेची जाण, गुरुनिष्ठा आणि संघटनशक्ती हे चारही गुण त्यांच्या ठायी एकत्र आले होते.

साथीदाराची विद्या निराळी असते. जालन्याचे पं. अप्पा जळगावकर (1922–2009) यांनी पं. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांसारख्या भिन्न प्रकृतीच्या गायकांना पेटीची साथ केली. गायकाची पुढची जागा ओळखणे, ती त्याच्या आधी न वाजवणे आणि विरामाची जागा अचूक भरणे यांसाठी स्वतःला आवरण्याची शक्ती लागते. काळी एक, पांढरी चार अशी कोणतीही पट्टी सांगितली, तरी हात अडखळता कामा नये.

रचना आणि संयोजन या शाखांत स्वरलेखनाला मोठे महत्त्व आहे. गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांसारखे गोमंतकीय कलावंत मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वादक आणि संयोजक म्हणून नावारूपाला आले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचेच विद्यार्थी. ‘सैराट’ (2016) या मराठी चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. परक्या देशातील वादकांशी बोलण्याचे साधन अशा वेळी लिखित स्वरलिपी हेच असते.

तांत्रिक शाखांत शिक्षित कान आणि साधनांचे ज्ञान यांची सांगड घालावी लागते. ध्वनिमुद्रकाला माइकची निवड व जागा, खोलीतील प्रतिध्वनी, संगणकावरील संपादन आणि वाद्यांच्या आवाजांचा समतोल यांची जाण हवी. वाद्यनिर्मितीचे आदर्श केंद्र मिरज येथे आहे. पंढरपूर परिसरातील भोपळे वापरून तेथील कारागीर सतार आणि तानपुरा घडवतात. या दोन्ही वाद्यांना 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याची जवारी लावणारा कारागीर स्वतः मैफलीत गात नाही, परंतु त्याचा कान गवयाइतकाच सूक्ष्म असावा लागतो.

शिक्षणाचे मार्ग सीमाभागातील विद्यार्थ्याला महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत खुले आहेत. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत चढत जातात. कर्नाटकात ज्युनिअर, सीनिअर आणि विद्वत् अशी परीक्षाश्रेणी आहे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई या दोन दृष्टिहीन गुरूंनी दृष्टिहीन व निराधार मुलांना संगीत शिकवून स्वावलंबी केले. प्रमाणपत्राने अध्यापनाचे दार उघडते. आकाशवाणीवर मात्र स्वरचाचणी देऊन श्रेणी मिळवावी लागते.

व्यवहारज्ञान हा या व्यवसायातील सर्वाधिक उपेक्षित गुण आहे. भारतात 1957च्या प्रताधिकार कायद्याने गीत आणि संगीत या कृतींचे हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतात, तर कलावंताचा सादरीकरणावरील हक्क 50 वर्षे राहतो. 2012च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनात गीतकार व संगीतकार यांचा वाटा सुरक्षित केला. म्हणून करार वाचूनच सही करणे, बिदागी आधी ठरवणे आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची नोंद ठेवणे हे रियाजाइतकेच आवश्यक मानले पाहिजे.

या सर्व शाखांना समान असे काही गुण आहेत. वेळेवर पोहोचणे, दिलेला शब्द पाळणे, सहकाऱ्याचा मान राखणे, टीका ऐकून सुधारणा करणे आणि कामाविना जाणाऱ्या दिवसांत धीर न सोडणे यांवर कलावंताची पत उभी राहते. या व्यवसायात बरेचसे काम एकमेकांच्या शब्दावर मिळते. त्यामुळे चारित्र्य हेही येथे कौशल्याचेच एक अंग होय.

कमलनगर, औराद आणि भालकी भागांतील पालकांनी व तरुणांनी या व्यवसायाकडे केवळ गायकाच्या प्रसिद्धीच्या दृष्टीने पाहू नये. ज्याचा गळा बेताचा पण कान उत्तम, त्याने ध्वनिमुद्रण शिकावे. ज्याचा हात तयार, त्याने साथसंगत किंवा वाद्यदुरुस्ती पत्करावी. ज्याला समजावून सांगण्याची हातोटी आहे, त्याने अध्यापनाकडे वळावे. बहुभाषिक कान आणि भजनाची बैठक या भागाला आधीच लाभलेली आहे. तिला पद्धतशीर शिक्षणाची आणि व्यवहारज्ञानाची जोड देणे हे आता येथील शाळांचे, भजनी मंडळांचे आणि पालकांचे कर्तव्य आहे.