पाच सेकंदांत पट

सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धांचा हंगाम असतो. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये हे मंडळ उभं केलं. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या त्यांच्याच शिष्या. तासन् तास पटावर वाकून बसलेल्या पोरांच्या डोक्यात नेमकं बदलतं काय?

१९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, झाकायची आणि आठवून पुन्हा मांडायला लावायची. पटावर चोवीसेक सोंगट्या. मास्टरने सोळाच्या आसपास बरोबर ठेवल्या, नवख्याने चारेक. मग त्याच सोंगट्या वाटेल तशा विखरून ठेवल्या आणि मास्टरची सारी करामत गळाली! तोही नवख्याच्या पंक्तीला.

म्हणजे त्याची स्मरणशक्ती दांडगी नव्हती. त्याला दिसतच वेगळं होतं. किल्लेकोट झालेला राजा, शेजारी हत्ती, पुढे तीन प्यादी आणि त्यांच्यापुढे घोडा. नवख्याला या सहा सोंगट्या, त्याला एकच आकृती. सांगलीच्या सौद्यात मुरलेला व्यापारी हळकुंड हातात घेताच त्याची प्रत सांगतो, तसंच हे.

तेव्हा सराव म्हणजे अशा आकृत्या साठवणं. ग्रँडमास्टरचा डाव घ्या, पुढची खेळी कागदाने झाका, स्वतःची ठरवा, मग कागद सरकवा. चुकलात तर का, ते वहीत लिहा. घोड्याचा दुहेरी मार एका नजरेत दिसेपर्यंत तीच कोडी पुन्हा पुन्हा सोडवा. हरलेला डाव आधी स्वतः तपासा. संगणकाला नंतर विचारा, कारण त्याने आधीच उत्तर दिलं की डोकं सुट्टीवर जातं. सुरुवातीच्या वीस-वीस चाली घोकून घेणारे क्लास मला तरी पटत नाहीत. प्रतिस्पर्धी सहाव्याच चालीला वाट सोडतो आणि पोरगं उघडं पडतं. त्यापेक्षा राजा आणि एक प्यादं एवढाच अंतिम टप्पा पक्का केलेला बरा.

नील चारनेस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की खेळाडूची ताकद त्याने किती स्पर्धा खेळल्या यापेक्षा एकट्याने किती तास गंभीर अभ्यास केला, यावरून अधिक नेमकी कळते. पण तासांचा हिशेबही सरळ नाही. अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या २००७ च्या अभ्यासात मास्टर व्हायला कुणाला सुमारे ३,००० तास पुरले, कुणाला २३,००० हून अधिक लागले. आणि काहींनी त्याहूनही जास्त तास घातले, तरी ते मास्टर झालेच नाहीत.