बाह्य जननांगाची जुनाट खाज आणि स्टेरॉइड मलम : महिलांसाठी माहिती

बाह्य जननांगावर महिनोन्महिने खाज येत असेल, रात्री तिच्यामुळे झोपमोड होत असेल, तर ती अंगावर काढू नये. तिचे एक कारण ‘लायकेन स्क्लेरोसस’ हा त्वचेचा दीर्घकालीन आजार असू शकते. योग्य उपचाराने तो आटोक्यात राहतो.

आजार कसा ओळखावा?

या आजारात त्वचा पांढरट, पातळ व सुरकुतलेली होते, भेगा पडतात, लघवीच्या किंवा शरीरसंबंधाच्या वेळी वेदना होतात. रजोनिवृत्तीनंतर तो अधिक आढळतो. मात्र पाळी न आलेल्या मुलींनाही होऊ शकतो. तो संसर्गजन्य नाही व अस्वच्छतेमुळेही होत नाही. पांढऱ्या चट्ट्यांमुळे तो कोड वाटतो. परंतु कोडात केवळ रंग जातो, त्वचेचा पोत बदलत नाही. उपचाराअभावी योनीचे तोंड आकसू शकते, तसेच शंभरांत पाचांहून कमी स्त्रियांना त्या जागी कर्करोग होऊ शकतो. नियमित उपचाराने हा धोका कमी होतो.

मलम कसे लावावे?

‘क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के’ हे मलम यासाठी प्रमुख औषध आहे. सामान्यतः पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड व तिसरा महिना आठवड्यातून दोनदा ते लावण्यास सांगतात. आपल्यासाठी डॉक्टरांनी ठरविलेला क्रमच पाळावा. आरशात पाहून केवळ बाधित त्वचेवर पातळ थर द्यावा. ३० ग्रॅमची नळी साधारण तीन महिने पुरते. ती लवकर संपल्यास डॉक्टरांना सांगावे. धुण्यासाठी साबणाऐवजी साधे पाणी वापरावे. खाज थांबली तरी पांढरेपणा काही प्रमाणात राहू शकतो. म्हणून मलम वाढवू नये.

या दोन चुका टाळा

पहिली चूक म्हणजे चिठ्ठीशिवाय मलम आणणे. स्टेरॉइड व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे खाज तात्पुरती दाबतात. पण खरोखरच बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करणे बंधनकारक केले.

दुसरी चूक म्हणजे ‘स्टेरॉइड’ या शब्दाच्या भीतीने उपचार मध्येच सोडणे. औषधाच्या पत्रकात नाजूक जागी लावू नये अशी सूचना आढळू शकते. परंतु तपासणीनंतर या आजारासाठी दिलेले मलम सांगितल्या प्रमाणात लावणे सुरक्षित आहे.

तपासणी कोठे करावी?

दिल्लीत सफदरजंग, राम मनोहर लोहिया व एम्स या रुग्णालयांच्या त्वचारोग किंवा स्त्रीरोग बाह्यरुग्ण विभागात जावे. नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद व गुरुग्राम येथील रहिवाशांनी प्रथम जिल्हा रुग्णालयात दाखवावे. डॉक्टर पुरुष असल्यास तपासणीच्या वेळी स्त्री कर्मचारी उपस्थित असावी, अशी मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे.

न भरणारी जखम, गाठ, जाड झालेली त्वचा किंवा रक्तस्राव आढळल्यास पुढील भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. त्रास नसला तरी वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

लाजेपोटी आजार लपवू नका. घरातील आई, बहीण, मुलगी यांनी अशी तक्रार सांगितल्यास ती ऐकून घ्या व त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.