खुर्चीत बसूनही नाचता येते

“डॉक्टर, आईला माझे नावसुद्धा आठवत नाही. तिला नाच कसला शिकवता?” पापडीतल्या एका बाईंनी मला दवाखान्यात असे विचारले, तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा राग होता. तो रास्तच होता. दोन वर्षांपूर्वी याच बाईंना मी सांगितले होते, “आईंना आता त्रास देऊ नका. खुर्चीत बसवा, आराम करू द्या.”

या आजी एके काळी पहाटेच्या गाडीने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला जात. पुढे विसर पडू लागला. एका दुपारी घरातून निघाल्या आणि तळ्याजवळ वाट चुकून बसलेल्या सापडल्या. घरचे घाबरले, म्हणून मी तो सल्ला दिला. आठ महिन्यांत आजींना खुर्चीतून उठवायला दोन माणसे लागू लागली. त्यात आजाराचा वाटा थोडा, माझ्या ‘आरामा’चा जास्त.

म्हातारपणी स्नायू किती झपाट्याने झडतात याची कल्पना आपल्याला नसते. २००७ साली अमेरिकेत एका प्रयोगात काही निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. मग महिनोन्‌महिने खुर्चीत बसून राहणाऱ्याचे काय होत असेल? पायांना सूज येते, शौचाला साफ होत नाही, झोप दिवसा लागते आणि रात्री उडते. घरचे म्हणतात, “दुखणे वाढले.”

स्मृतिभ्रंश म्हणजे ‘म्हातारचळ’ नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर १०० माणसांत सुमारे ७ जणांना तो आहे, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना. मात्र प्रत्येक विसराळूपणा स्मृतिभ्रंश नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा दोष, मनाची उदासी, डोक्याला लागलेला मार यांमुळेही तसेच दिसते, आणि यांवर उपचार आहेत. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

आता नाचाकडे येऊ. मेंदूत सगळ्या आठवणी एकाच पेटीत ठेवलेल्या नसतात. सकाळी काय खाल्ले, कोण भेटायला आले, या ताज्या आठवणी साठवण्याचे काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. अल्झायमरच्या आजारात सहसा तोच आधी बिघडतो. पण हातापायांच्या सवयी, म्हणजे पोळी लाटणे, फुले ओवणे, टाळ धरणे, या मेंदूच्या दुसऱ्या भागांत राहतात आणि बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. तरुणपणी ऐकलेल्या गाण्यांचेही तसेच. ठेका सुरू झाला की पाय आपोआप हलतो. त्यासाठी वार, तारीख आठवावी लागत नाही.

आमच्या आजींच्या बाबतीत हेच झाले. दवाखान्याच्या ओसरीवर सहा खुर्च्या मांडून मी व एक फिजिओथेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा, सकाळी अकराला, अर्धा तास हा प्रयोग करतो. संध्याकाळची वेळ मुद्दाम टाळली, कारण स्मृतिभ्रंशाचे अनेक रुग्ण दिवस कलला की बेचैन होतात. पहिले दोन दिवस आजी नुसत्या भिंतीकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी फिजिओबाईंनी सुईत फुले ओवल्याचा हातवारा गाण्याच्या तालावर केला. आजींची बोटे उचलली गेली, आणि त्यांनी बाईंचा हात धरून चूक दुरुस्त केली! सुई त्या उलट्या बाजूने धरत होत्या म्हणे.

तेव्हापासून नाचाच्या पायऱ्या आम्ही पुस्तकातून घेत नाही, माणसांच्या कामातून घेतो. विहिरीतून पोहरा ओढणे, सूप पाखडणे, जाते फिरवणे, होडी वल्हवणे, जाळे फेकणे. यात खांदे, कंबर, मनगटे सगळी येतात. पायांसाठी टाच-चवडा आळीपाळीने आपटणे आणि गुडघा सरळ करून पाय पुढे ताणणे. याने पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि सूज उतरायला मदत होते. शेवटी समोरासमोर बसून टिपऱ्या किंवा टाळ्या. पुरुष मंडळी ‘नाच’ म्हटले की उठून जातात. त्यांच्या हाती टाळ द्यावा आणि नाच हा शब्दच काढू नये.

गाण्यांबाबत एक चूक घरोघर होते. माणूस म्हातारा झाला की त्याला भजनच लावायचे, असे आपण ठरवून टाकतो. खरे तर पंधरा ते पंचविशीत ऐकलेले संगीत सर्वांत खोल रुजते. आज ७८ वर्षांच्या माणसासाठी ती गाणी १९६०च्या दशकातली असतात. आपल्या वसईत कोळी, वाडवळ, आगरी, सामवेदी, सर्वांची लग्नाची गाणी आहेत, आणि ख्रिस्ती घरांतल्या वृद्धांना लग्नातल्या बँडचा ठेका चांगला ठाऊक असतो. ही गाणी बाजारात शोधण्यापेक्षा घरातल्या आत्याबाईंकडून म्हणवून घ्यावीत.

हा माझा शोध नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. बरेचसे काम तिथे खुर्चीत बसूनच चालते. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१०च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्येच ७५ वर्षांवरील ४६९ लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शारीरिक छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण यावरून नाचाने आजार टळतो असे म्हणता येत नाही. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख तेच नाचत राहिले, असेही असू शकते. आणि जडलेला आजार नाचाने बरा होत नाही, हे तर स्पष्टच सांगतो.

घरी करायचे असल्यास खुर्ची चार पायांची, जड, न सरकणारी घ्यावी. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, चाकांची तर नकोच. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. जेवणानंतर तासभर थांबावे, पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी करू नये. खुब्याचा सांधा बदलला असल्यास पायावर पाय टाकणे आणि फार पुढे वाकणे टाळावे. हाडे ठिसूळ असल्यास कमरेत पिळणे व वाकणे नको. छातीत दुखले, दम लागला, चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. संपल्यावर एकदम उठवू नये, दोन मिनिटे बसू द्यावे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तोंडी सूचना देऊ नयेत. समोर बसून करून दाखवावे, एका वेळी एकच हालचाल. चुकले तर चुकू द्यावे. नको म्हणाले तर त्या दिवशी सोडून द्यावे.

आजी आता खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, एकाच माणसाच्या आधाराने उठतात. याला पाच महिने लागले. लेकीचे नाव त्यांना अजून आठवत नाही. पण लेक आता त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसते, आणि सुई नीट धरते.